मिरगुंडकाकीचं दार

मिरगुंडकाकी कोणाच्याही घरी रिकाम्या हाताने गेली नाही, आणि कोणाच्याही घरी पाच मिनिटांहून जास्त बसली नाही. बारसं असो, साखरपुडा असो की कोणाच्या पोराचा पहिला वाढदिवस, दुपारी चारच्या सुमाराला ती पदराखाली पत्र्याचा डबा धरून यायची, डबा घरातल्या बाईच्या हातात द्यायची, "तेल चांगलं तापू दे, मग टाक" म्हणायची आणि निघायची. केक कधी कापतात म्हणून टेबलाला चिकटलेली पोरं डबा दिसला की स्वयंपाकघराच्या दारात गोळा व्हायची.

आता ती नाही. मला लिहायची सवय नाही. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि आजवर लिहिलं ते परीक्षेत किंवा वाडीतल्या लोकांचे अर्ज. काकीचं खरं नाव यमुना होतं हेही मला तिच्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरताना कळलं. तिच्याबद्दल लिहायला बसले की दुःख कमी आणि राग जास्त येतो, हे आधीच सांगून टाकते.

मिरगुंडं हा काही थोर पदार्थ नाही. पोहे दळायचे, त्या पिठात हिंग, मीठ, पापडखार आणि मिरचीचं पाणी घालून घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून वरवंट्याने कुटायचं, करंगळीएवढ्या वळ्या करून दोऱ्याने तुकडे पाडायचे आणि वाळवायचे. तळले की दुप्पट-तिप्पट फुलतात. वाडीतल्या प्रत्येक बाईला हे पाठ आहे, पण फुलायची ती काकीचीच. कडक उन्हात ती कधी वाळत घालायची नाही. अंगणातल्या आंब्याखाली खाटेवर जुनं लुगडं अंथरायची आणि सावली सरकली की खाटही सरकवायची. "ऊन बघून वाळवायचं आणि माणूस बघून तुकडे पाडायचे," असं ती म्हणायची. म्हणजे ज्या घरात दात पडलेली माणसं जास्त, तिथल्या डब्यात बारीक तुकडे, आणि जिथे पोरं जास्त तिथे मोठे. कोणाच्या घरी कोण आहे, कोणाची दाढ दुखते, हे तिला डब्यावरून आठवायचं.

मंगळवारी सकाळी ती गावदेवीच्या देवळात जायची. डोळे मिटून पुटपुटणं तिच्यात नव्हतं. खांबाला टेकून बसायची आणि शेजारणीला सांगावं तसं देवीला घरातलं सांगायची. "वाल भिजत घातले, पण कडू निघाले बघ." "महेशला सांग जरा, गाडी सावकाश हाक म्हणून. माझं ऐकत न्हाय." महेशदादा तिचा एकुलता एक मुलगा. एकदा गुरव तिला हसत म्हणाला, "काकी, एखादी आरती तरी येते का तुला?"

"आरत्या तुम्ही म्हणता ना दोन टाइम," काकी म्हणाली. "तिला कोणी बोलायला पायजे का न्हाय?"

चैत्रात देवीची पालखी निघते. सकाळी देवळातून उठते आणि वाडीतल्या प्रत्येक दारात थांबते. घरची बाई देवीची ओटी भरते आणि खांदेकऱ्यांच्या हातावर काहीतरी खायला ठेवते. कोणी पेढा देतं, कोणी केळं. काकीच्या दारात मिरगुंडं. तिचा नवरा खांदेकरी होता. वीसेक वर्षं त्याने पालखी वाहिली, आणि पालखीच्या संध्याकाळी काकी त्याच्या सुजलेल्या खांद्यावर हळद आणि मिठाचा शेक द्यायची. तो गेल्यावर त्याच्या जागी महेशदादा आला. तेव्हा त्या घराचं आणि पालखीचं नातं काय होतं ते कोणी मला सांगू नये.

महेशदादा दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात गेला. बंदरावर ट्रेलर चालवायचा. पहाटे हायवेवर बंद पडून उभ्या असलेल्या गाडीवर त्याचा ट्रेलर आदळला. मागे वहिनी, एक लहान मुलगी आणि काकी. तेराव्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी काकी देवळात गेली. मी तिच्याबरोबर गेले होते, कारण ती एकटी गेली तर पडेल अशी आईला भीती होती. खांबाला टेकून ती बसली. मग देवीकडे बघून एवढंच म्हणाली, "ऐकलं न्हायस ना." आणि उठली.

येताना मी तिला विचारलं, "काकी, तुला देवीचा राग नाही येत?"

"येतो की. तिलाच सांगते," ती म्हणाली. "रागवायला तरी कोण पायजे ना गो बाय आपल्याला. माणसावर रागावलं की माणूस उठून जातो. ती बसते."

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. पण त्या हिवाळ्यात तिला उभं ठेवलं ते त्याच बसण्याने, हे मी पाहिलं आहे. एकही मंगळवार तिने चुकवला नाही. पौषात तिने पुन्हा पोहे दळून आणले. खाट पुन्हा आंब्याखाली आली. वहिनी तिच्याशेजारी बसून दोऱ्याने तुकडे पाडायला शिकली.

आणि चैत्र जवळ आल्यावर देवळाच्या कमिटीने निरोप पाठवला की या वर्षी पालखी काकीच्या दारात थांबणार नाही.

नियम असा आहे. सुतक तेरा दिवसांचं, पण आमच्या वाडीत पालखीपुरतं ते वर्षभर धरतात. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर सण नाही, म्हणून पालखीही नाही. लहानपणापासून मी हे पाहत आले आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. आमची आजी गेली त्या वर्षी पालखी आमच्या दारावरून गेली तेव्हा मी खिडकीतून टाळ्या वाजवत होते. पण या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, हे कोणी ठरवलं? ज्या घरात देवीला सगळ्यात आधी जायला हवं, तेच घर नेमकं गाळायचं, हा नियम करणाऱ्याच्या घरात कधी कोणी मेलं नव्हतं का?

याहून वाईट पुढे आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला आहे. माझे बाबा तिथे माळी आहेत. बंगल्यातल्या साहेबांनी देवळाच्या सभामंडपाला लाद्या दिल्या होत्या, म्हणून त्या वर्षी पालखी पहिल्यांदा बंगल्याच्या फाटकात जाणार होती. आणि त्याच पौषात साहेबांचे वडील वारले होते. बाबा स्वतः मांडव्याहून बोटीने तेराव्याला जाऊन आले होते. वाडीत हे सगळ्यांना माहीत होतं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांचं सुतक मुंबईलाच राहतं. त्याला मांडव्याच्या बोटीत बसायला देत नाहीत."

मी काकीला म्हटलं, आपण कमिटीशी बोलू. ती म्हणाली, "कमिटीशी काय बोलायचं? देवी कमिटीत न्हाय गो." तिने विषय संपवला. मी नाही संपवला. मी अर्ज लिहिला. मा. अध्यक्ष महोदय, विषय, संदर्भ, सविनय, सगळं शाळेत शिकवल्याप्रमाणे. बंगल्याचा उल्लेख मात्र केला नाही. बाबांची नोकरी डोळ्यांसमोर आली आणि पेन थांबलं. ही माझी भीती मी अजून विसरलेले नाही.

अध्यक्षांनी अर्ज देवळाच्या कट्ट्यावर चार माणसांत मोठ्याने वाचला. वाचून घडी घातली आणि म्हणाले, "अक्षर छान आहे. पण पोरी, रूढी अर्जावर चालत नाहीत." माणसं हसली. मीही हसले. का हसले याची मला आजही लाज वाटते.

पालखीच्या दिवशी काकीने दार उघडं ठेवलं. रांगोळी नव्हती, तोरण नव्हतं. ती पायरीवर बसली होती आणि आत वहिनी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. आई आणि मी शेजारच्या ओट्यावर होतो. दुपारी चारला ढोल-सनईचा आवाज गल्लीत शिरला. अध्यक्ष पुढे चालत होते. काकीचं घर आल्यावर त्यांनी हातानेच खूण केली, पुढे चला.

पालखी थांबली.

पुढच्या दांडीला दिन्या होता, महेशदादाचा जिवलग दोस्त. "जड झाली," तो म्हणाला.

"काय?"

"पालखी जड झाली, भाऊ. पाय उचलत न्हाय."

मागचा खांदेकरीही म्हणाला, "व्हय. जड झाली."

आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. देवीला जिथून पुढे जायचं नसतं तिथे पालखी जड होते, आणि मग कोणाचं काही चालत नाही. ढोल थांबला. गुरवाने हात जोडले. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते काही बोलणार होते, पण देवीच्या विरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार? आईने ओट्यावरून उडी मारली आणि आमच्याच घरातला खण-नारळ आणून काकीच्या हातात कोंबला. "उठ काकी. तुझ्यासाठी थांबली. भर ओटी."

मला इतका आनंद झाला होता की मी रडत होते. जे माझ्या अर्जाने झालं नाही ते झालं होतं. आता फक्त काकीने चार पावलं टाकायची होती.

ती उठली. पालखीपाशी गेली. देवीकडे तिने पाहिलंच नाही, दिन्याच्या खांद्याकडे पाहिलं. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. ती हळूच म्हणाली, "दिन्या, जड पालखीखाली खांदा खाली जातो रे. तुझा वर हाय."

दिन्याने मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते. "काकी, भर ना," तो म्हणाला. "महेशसाठी भर."

काकीने खण-नारळ आईच्या हातात परत दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरं दमलीत सकाळपासून. काठ्यांचा टेकू लावा नि जरा दम खा. सूनबाई, पाणी आण."

खांदेकरी दमले तर वाटेत कुठेही पालखीला टेकू लावता येतो, त्याला कोणाची मनाई नाही. अध्यक्षांनी सुटकेचा श्वास सोडला तो मी पाहिला. काकीने परातभर मिरगुंडं आणली आणि चौघांच्या हातावर ठेवली. प्रसाद म्हणून नव्हे, दमलेल्या पोरांना खायला म्हणून. मग दिन्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता न्या तिला. पण तिच्या नावावर असं काय सांगू नका रे परत. ती काय आज माझ्या दारात आयली न्हाय. महेश गेला तेव्हापासून इथंच हाय."

पालखी उचलली गेली. ढोल वाजू लागला. काकी पायरीवर बसली आणि परातीतला चुरा मुठीत गोळा करून चिमण्यांना टाकू लागली.

बंगल्यात पालखी अर्धा तास थांबली. मी बाबांबरोबर ताटं उचलायला गेले होते. हिरवळीवर टेबलं मांडली होती, मुंबईचे पाहुणे देवीबरोबर फोटो काढत होते आणि काचेच्या वाडग्यांत मिरगुंडं ठेवली होती. काकीचीच. मॅडमनी बाबांकरवी आधीच मागवली होती. "किती सिंपल असतं ना हे," एक पाहुणी म्हणाली, "पण थांबवतच नाही." अध्यक्षांनीही मूठभर घेतली. ज्या घरची मिरगुंडं देवीसमोर चालतात, त्या घरच्या बाईची ओटी चालत नाही. आणि ज्या घराचे म्हातारे जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, त्या घराच्या बाईने देवीची ओटी भरली. हे मला एकटीलाच दिसत होतं असं नाही. सगळ्यांना दिसत होतं. सगळे खात होते.

त्या संध्याकाळी मी काकीशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"तू भरायला हवी होतीस."

"खोट्यावर?"

"मग त्यांचा नियम काय खरा आहे?"

ती खाटेवरचं लुगडं झटकत होती. थांबली. "तुझं बरोबर असल," ती म्हणाली. "नियम खोटा असल. पण मीही तिच्यासमोर खोटं केलं, तर मंगळवारी तिच्याशी बोलू काय? माझ्याकडं आता बोलायला तेवढीच एक हाय."

"मग हे असंच चालू द्यायचं?"

"असं मी कुठं म्हटलं? तू शिकतेस ना? मला खोटं करायला नको सांगूस. तुला जे खरं वाटतं ते तू उभी राहून सांग. अर्ज कशाला लिहितेस?"

मला ते फार लागलं. अर्जात मी काय गाळलं होतं हे तिला माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

पुढच्या चैत्रात वर्ष उलटून गेलं होतं. पालखी तिच्या दारात थांबली, तिने ओटी भरली, मिरगुंडं दिली, आणि कोणालाच मागच्या वर्षीचं काही आठवत नसल्यासारखं सगळं पार पडलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "काय काकी, खूश ना आता?" काकी म्हणाली, "मी कधी नाखूश व्हते?" मला त्यांच्या हसण्याची चीड आली, आणि खरं सांगायचं तर थोडी काकीचीही आली. एवढं मोठं मन असलं की समोरच्याला आपण काय केलं ते कधी कळतच नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात ती गेली. ताप आला, अलिबागला नेलं, चार दिवसांत संपलं. शेवटच्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. तिला नीट बोलता येत नव्हतं. नर्सने विचारलं, काही हवं का. काकीने नर्सच्या हाताला हात लावला आणि मला म्हणाली, "हिला दे गो एक डबा. उभ्यानं काम करते बिचारी." दहाव्यानंतर मी तो डबा नेऊन दिला. नर्सला ती कोण हे पटकन आठवलं नाही.

आता त्या घरात वहिनी आणि तिची मुलगी आहे. आणि चैत्र पुन्हा आला आहे. काकी जाऊन वर्ष झालेलं नाही, म्हणून पालखी या वर्षीही त्या दारावरून पुढे जाणार. तीन वर्षांत दोनदा. वहिनीच्या मुलीने मला विचारलं की देवी आपल्यावर रुसली आहे का. सहा वर्षांच्या मुलीने असं विचारावं, यासाठी देऊळ बांधतात का?

परवा देवळात पालखीची सभा होती. दिन्या मला वाटेत भेटला. "या वर्षी पुन्हा जड करू?" त्याने विचारलं. तो थट्टा करत नव्हता. मी नाही म्हटलं. काकीने नाही म्हटलं होतं.

सभेत बायका मागे बसतात आणि बोलत नाहीत. मी उभी राहिले. बोलायचं म्हणून पाठ केलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हणून साधंच बोलले. म्हटलं, या वर्षी पालखी वहिनीच्या दारात थांबायला हवी. ज्या घरात माणूस गेलं तिथे ती आधी जायला हवी. आणि नियमच म्हणत असाल, तर दोन वर्षांपूर्वी बंगल्यातही सुतक होतं, तेव्हा तो नियम कुठे होता?

कोणी हसलं नाही. अध्यक्ष माझ्याकडे न बघता पुढच्या रांगेकडे बघून म्हणाले, "पोरगी काय बोलते ते तिच्या बापाला माहीत आहे का? कोणाच्या घरी काय झालं होतं, पाहिलं होतं का कोणी?"

पुढच्या रांगेत बाबा बसले होते. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बंगल्यात कामाला जायचं होतं, आणि माझी परीक्षेची फी त्याच पगारातून जायची होती. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते.

मग बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. ते सभेत कधी बोललेले मला आठवत नाहीत.

"मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "मीच गेलो होतो तेराव्याला."

मग अध्यक्ष म्हणाले, "बरं, बघू. बसा आता."

बाबा बसले नाहीत. म्हणून मीही बसले नाही.